चित्र कुणाच्या डोळ्यांनी लावावे?

(मंडळाच्या मासिक सभेत दिलेले भाषण)



मासिक सभेत कुणातरी एका सभासद भगिनीने घरोपयोगी असे काही सांगावे, हा आपल्या मंडळाचा शिरस्ता आहे. या जागेवरून आजवर लोणच्याच्या बरण्यांपासून मृत्युपत्रापर्यंत पुष्कळ विषय झाले. माझी पाळी आली, तेव्हा टीव्हीचे चित्र नीट कसे लावावे हा विषय मी सुचवला. चिटणीसबाई हसून म्हणाल्या, "अहो, ते काम मुले करतात. त्यात आपण काय बोलायचे?" काही वर्षांपूर्वी मीही असेच म्हटले असते. परंतु या एका विषयापायी आमच्या घरात सात-आठ महिने धुसफूस चालली, आणि तीत चूक माझी होती. म्हणून प्रथम चूक सांगते, मग उपाय सांगते.

माझे बालपण गिरगावातल्या चाळीत गेले. दिल्लीला १५ सप्टेंबर १९५९ रोजी टेलिव्हिजनचे कार्यक्रम सुरू झाले. मुंबईला ते यायला २ ऑक्टोबर १९७२ उजाडावा लागला. पुढे आमच्या मजल्यावर एका बिऱ्हाडात संच आला आणि सारा मजला तिथे लोटू लागला. चित्र हलू लागले की एक मुलगा गच्चीवर अँटेनापाशी, दुसरा जिन्यात आणि तिसरा संचापुढे. "आले का?" "आले, आले... गेले!" असा पुकारा चाले. संचाला खुंट्या असत. एक पिळली की वर वर पळणारे चित्र थांबे, दुसरीने तिरपे झालेले सरळ होई. या खुंट्यांना हात लावण्याचा मान घरच्या कर्त्या पुरुषाचा. बायकांनी मागे दाटीवाटीने बसायचे आणि दिसेल तेवढे पाहायचे. १९८२ साली रंगीत चित्र आले, पण हा रिवाज काही बदलला नाही. चित्र बिघडले तर ते दुसऱ्या कुणी दुरुस्त करायचे, ही समजूत माझ्या मनात अशी लहानपणापासून मुरलेली होती.

आता आमच्या घरची हकिगत. जुना संच बंद पडला म्हणून आम्ही नवा ४३ इंची संच घेतला. दुकानात भिंतीवर एकाशेजारी एक असे वीस-पंचवीस संच लावलेले. ज्याचे रंग सर्वांत झगझगीत, त्याच्यासमोर आम्ही थांबलो. साड्यांच्या दुकानातल्या दिव्याखाली जी साडी उठून दिसते, ती घरी आणल्यावर कशी भडक वाटते, हे आपल्याला ठाऊक असते. परंतु टीव्ही घेताना ही अक्कल आठवली नाही. दुकानातला लखलखाट वेगळा, आपल्या खोलीतली एक ट्यूबलाइट वेगळी. दुकानात संच मुद्दाम भडक लावून ठेवतात, कारण शेजारच्या संचावर त्याला मात करायची असते. घरी आल्यावर मुलाने तीच ठेवण कायम ठेवली. तिचे नाव 'व्हिव्हिड'. सगळ्यांना चित्र फार आवडले.

आवडले नाही ते फक्त माझ्या सासूबाईंना. त्यांचे वय तेव्हा ऐंशीच्या घरात होते. पहिल्याच आठवड्यात त्या म्हणाल्या, "अगं, चित्र धुरकट आहे. माणसांची तोंडे ओळखू येत नाहीत." मी उजेड वाढवला. चार दिवसांनी म्हणाल्या, "आता पिवळट दिसते." मी रंग वाढवला. मग म्हणाल्या, "अक्षरे फुटतात." मी 'शार्पनेस' टोकाला नेला. असे करता करता सगळे आकडे शंभरावर गेले. शेजारच्या वहिनी एकदा हळदीकुंकवाचे बोलावणे करायला आल्या होत्या. त्या पडद्याकडे पाहून म्हणाल्या, "अहो, बातम्या देणाऱ्या बाईंना कावीळ झाली आहे की शेंदूर फासला आहे?" मी हसले, पण मनातून चिडले. त्याच रात्री सासूबाई पुन्हा "दिसत नाही" म्हणाल्या आणि माझ्या तोंडून निघून गेले, "आई, तुम्हाला कशाचेच समाधान नाही!"

त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी त्या आपल्या खोलीत बसू लागल्या. "मला नको तुमचा तो टीव्ही, डोकं दुखतं," एवढेच सांगत. जपमाळ घेऊन बसत म्हणून आम्हीही मनावर घेतले नाही. खरे सांगायचे तर, कटकट संपली असे मला वाटले. हे आज सर्वांसमोर सांगताना जड जाते.

पुढे एक दिवस त्यांनी खिचडीत हळदीऐवजी धण्याची पूड घातली. दोन्ही डबे एका रंगाचे दिसले, असे म्हणाल्या. तेव्हा कुठे आमचे डोळे उघडले. नेत्रवैद्यांकडे नेले. दोन्ही डोळ्यांत पिकत आलेला मोतीबिंदू! डॉक्टरांनी समजावून सांगितले की, डोळ्यातले भिंग वयाबरोबर पिवळसर आणि गढूळ होत जाते. मग चेहरे धुरकट दिसतात, रंग मळकट होतात, समोरून येणारा झगझगाट सोसत नाही. म्हणजे आठ महिने त्या जे जे सांगत होत्या, त्यातला शब्दन् शब्द खरा होता. त्या टीव्हीबद्दल बोलत आहेत असे आम्ही समजलो. वास्तविक त्या आपल्या डोळ्यांबद्दल सांगत होत्या. आणि मी पडद्याचा झगझगाट वाढवून त्यांना अधिकच त्रास देत होते.

पहिल्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आणि काही आठवड्यांनी दुसऱ्या डोळ्याची ठरली. मधल्या दिवसांत त्या लहान मुलासारख्या गंमत करीत. एक डोळा हाताने झाकायच्या आणि माझ्या पातळाकडे पाहून सांगायच्या, "या डोळ्यानं पातळ पांढरं स्वच्छ. आणि या डोळ्यानं चहात बुडवल्यासारखं!" दुसराही डोळा झाल्यावर त्या आपण होऊन टीव्हीसमोर येऊन बसल्या. त्या दिवशी 'श्यामची आई' लागला होता. अत्र्यांचा हा चित्रपट १९५३ चा. राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा पहिला मान १९५४ साली त्यालाच मिळाला. सासूबाईंनी तो लहानपणी गावच्या जत्रेत तंबूत पाहिला होता. दहा मिनिटे पाहून त्या म्हणाल्या, "अगं, हे निळं का दिसतंय? आणि वनमालाबाई एवढ्या लठ्ठ नव्हत्या."

मुलगा म्हणाला, "आजी, ऑपरेशननंतर निळे जास्त दिसते असे डॉक्टर म्हणाले होते." तेही खरेच होते. पिवळे भिंग निघून गेले की पूर्वी अडलेला निळा रंग एकदम डोळ्यात शिरतो. परंतु या खेपेस मी सासूबाईंचे म्हणणे उडवून लावले नाही. एक कोरा पांढरा कागद आणला, दिवसाउजेडी खिडकीजवळ धरला आणि चित्रातल्या पांढऱ्या भिंतीशी ताडून पाहिला. भिंत खरोखरच निळसर होती! आमच्या डोळ्यांना सवय झाली होती, म्हणून आम्हाला ते दिसत नव्हते. ज्यांचे डोळे नवे, त्यांना ते पहिल्या दहा मिनिटांत दिसले. आणि वनमालाबाईही खरोखरच लठ्ठ झाल्या होत्या. त्याचे कारण पुढे सांगते.

त्या दिवशी मी रिमोट हाती घेतला आणि एकेक गोष्ट समजून घेतली. तीच आता क्रमाने सांगते. संचासंचांत नावे थोडी निराळी असतात, पण तत्त्व एकच. एक धीराची गोष्ट आधी सांगून ठेवते. चित्राच्या यादीत 'रीसेट' असे एक कलम असते. ते दाबले की चित्राची ठेवण होती तशी होते. तेव्हा आपल्या हातून संच बिघडेल ही भीती काढून टाका.

प्रथम खोली पाहा. पडद्यासमोर खिडकी असेल तर चित्रापेक्षा तिचेच प्रतिबिंब अधिक दिसते. संच फिरवा किंवा पडदा ओढा. रात्री मात्र अगदी अंधार करून बसू नये. संचाच्या मागे किंवा बाजूला एखादा मंद दिवा असला की डोळ्यांना बरे पडते. धूळ मऊ कोरड्या फडक्याने टिपावी. काच पुसायचे औषध टीव्हीच्या पडद्यावर फवारू नये.

मग वायर पाहा. पिवळी, लाल आणि पांढरी अशी तीन तोंडे असलेली वायर पुष्कळ घरांत अजून दिसते. त्यात लाल-पांढरी आवाजाची आणि पिवळी चित्राची. त्या पिवळ्या वायरीतून जुन्या पद्धतीचे, ५७६ ओळींचेच चित्र येते. एचडी वाहिनीचे चित्र १०८० ओळींचे असते. ते हवे तर खोक्यापासून टीव्हीपर्यंत एचडीएमआय नावाची चपट्या तोंडाची वायर पाहिजे. आमच्याकडे एचडीचे पैसे महिनोन् महिने भरले जात होते आणि वायर मात्र पिवळी होती! दूध सायीचे घ्यावे आणि गाळण्यातून गाळून प्यावे, तसला हा प्रकार. आणखी एक. चित्राचे चौकोनी तुकडे पडत असतील किंवा मुसळधार पावसात ते नाहीसे होत असेल, तर टीव्हीच्या सेटिंगला हात लावू नका. तो दोष येणाऱ्या लहरींचा आहे. छत्री हलली आहे का, वायर सैल आहे का, ते पाहावे. पावसाचे असेल तर पाऊस ओसरेपर्यंत थांबावे.

आता चित्राची ठेवण. यादीत 'पिक्चर मोड' म्हणून कलम असते. त्यात 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक' असेल तर ते काढून 'सिनेमा' अथवा 'मूव्ही' घ्या. काही नव्या संचांत 'फिल्ममेकर मोड' असतो, तोही चांगला. पुढची निम्मी कामे या एकाच बदलाने होतात. पहिल्या दिवशी चित्र मंद आणि पिवळसर वाटेल. घाबरू नका, चार दिवस तसेच राहू द्या. तिखट खायची सवय लागलेल्या जिभेला साधे वरण अळणी लागते, तसे हे आहे. चार दिवसांनी मागचेच भडक वाटू लागते. चित्र फारच काळोखे असेल तर 'पॉवर सेव्हिंग' म्हणजे वीजबचतीचे कलम पाहा. ते चालू असले की संच आपण होऊन उजेड उतरवतो. वीज वाचवणे चांगलेच, पण घरातल्या वृद्ध माणसाला चेहरे दिसत नसतील तर तेवढी बचत आपण दुसरीकडे करावी.

त्यानंतर चार मुख्य कळा. 'ब्राइटनेस'ने काळ्याची पारख करायची. पडद्यावर काळेभोर केस किंवा काळी चंद्रकळा असलेले दृश्य घ्या. केसांचा नुसता काळा गोळा दिसत असेल तर कळ थोडी वाढवा. काळ्याचे राखाडी झाले असेल तर कमी करा. 'कॉन्ट्रास्ट'ने पांढऱ्याची पारख. पांढऱ्या धोतराच्या निऱ्या दिसल्या पाहिजेत. नुसता पांढरा पट्टा दिसला तर तो कमी करावा. संपूर्ण पडद्याचा उजेड ज्याने कमी-जास्त होतो, ते कलम बहुतेक वेळा 'बॅकलाइट' नावाने निराळे असते. काही संचांत त्यालाच 'ब्राइटनेस' म्हणतात आणि काळ्याच्या कळीला 'ब्लॅक लेव्हल' म्हणतात. म्हणून नावावर न जाता, कळ फिरवल्यावर काय बदलते ते पाहावे. दिवसा हा उजेड जास्त आणि रात्री कमी ठेवावा.

तिसरी कळ 'कलर'. ही लावताना फुले, डोंगर, साड्या पाहू नका. माणसाचा चेहरा पाहा. गुलाब किती लाल असावा याचा नेम नाही, पण माणसाचा वर्ण आपण जन्मभर पाहत आलो आहोत. चेहरा शेंदरी दिसला तर रंग जास्त, राखेसारखा दिसला तर कमी. चौथी कळ 'शार्पनेस'. हिचे नाव फसवे आहे. ती वाढवली की चित्रात नवे बारकावे येत नाहीत. वस्तूंच्या कडांना संच पांढऱ्या रेघा ओढतो. पडद्यावर अक्षरे असताना ती हळूहळू कमी करावी आणि अक्षरांभोवतीची पांढरी रेघ नाहीशी झाली की थांबावे. सासूबाईंची 'फुटणारी अक्षरे' मी या कळीने अधिकच फोडली होती.

निळसरपणाचे औषध 'कलर टेम्परेचर' या कलमात आहे. त्यात 'कूल', 'स्टँडर्ड' आणि 'वॉर्म' असे प्रकार असतात. 'कूल' म्हणजे निळ्याकडे झुकलेले, 'वॉर्म' म्हणजे उबदार. चित्रपट तयार करणारे ज्या पांढऱ्या रंगावर विसंबून काम करतात, त्याच्या जवळ 'वॉर्म' असते. त्याची परीक्षा जुन्या कृष्णधवल चित्रपटावर उत्तम होते. त्यात रंग मुळीच नसतो, त्यामुळे निळी किंवा तांबडी छटा दिसली तर ती संचाची, हे उघड आहे. आमच्या घरी ही परीक्षा 'श्यामची आई'ने घेतली.

वनमालाबाई लठ्ठ का झाल्या, तेही सांगते. त्या काळच्या चित्रपटांची चौकट चौकोनाकडे झुकणारी असे. जुन्या टीव्हीचा पडदाही रुंदी ४ तर उंची ३ अशा प्रमाणाचा होता. आताचा पडदा १६ ला ९ असा रुंद आहे. जुने चित्र ताणून त्यात भरले की माणसे बुटकी आणि रुंद होतात. 'आस्पेक्ट रेशो' अथवा 'पिक्चर साइझ' या कलमात ते मूळ प्रमाणावर आणावे. डाव्या-उजव्या बाजूला काळ्या पट्ट्या उरतील, त्या उरू द्याव्या. पैसे भरून घेतलेला पडदा रिकामा राहिला असे वाटून आमच्या घरी थोडी कुरकुर झाली. मी म्हटले, फोटोची तसबीर भिंतीएवढी नसते म्हणून आपण फोटो ताणतो का?

शेवटची गोष्ट चित्राच्या गतीची. चित्रपट सेकंदाला २४ चित्रे या वेगाने घेतलेला असतो. नवे संच दोन चित्रांच्या मध्ये आपल्या पदरची चित्रे तयार करून घालतात, म्हणजे हालचाल गुळगुळीत दिसते. क्रिकेटला ते चालते. चित्रपट मात्र घरगुती समारंभाच्या व्हिडिओसारखा दिसू लागतो. डिसेंबर २०१८ मध्ये हॉलिवूडचा नट टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक क्रिस्टोफर मॅक्वारी यांनी ही सोय घरोघरी बंद करा, अशी जाहीर विनंती केली होती. नाव प्रत्येक कंपनीचे निराळे असते, पण त्यात 'मोशन' हा शब्द बहुधा सापडतो.

भगिनींनो, एवढे सारे केल्यावर मी रिमोट सासूबाईंच्या हाती दिला आणि म्हटले, "आता तुम्ही सांगा." त्यांनी पुष्कळ वेळ पाहिले आणि म्हणाल्या, "आता श्यामची आई आजारी दिसते." त्या दृश्यात ती आजारीच होती. आमच्या भडक ठेवणीत ते कधी जाणवलेच नव्हते.

म्हणून माझे सांगणे एवढेच. चित्र चेहऱ्यावरून लावावे आणि घरातल्या ज्या माणसाची तक्रार आहे, त्याला शेजारी बसवून लावावे. इतके करूनही त्याला दिसत नसेल, तर कळा फिरवणे थांबवून त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यावे. हे लहान मुलांनाही लागू आहे. टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसणाऱ्या मुलावर आपण ओरडतो, डोळे जातील म्हणून भीती घालतो. जवळ बसल्याने डोळे जात नाहीत. पण लांबचे दिसत नाही म्हणून ते जवळ बसत असण्याचा संभव असतो. आधी त्याचे डोळे तपासा, मग ओरडायचे की नाही ते ठरवा.

आमच्या संचाचे आकडे कागदावर उतरवून घ्या, असे दोघी-तिघींनी सुचवले. परंतु ते आकडे आमच्या खोलीचे आणि आमच्या संचाचे आहेत. तुमच्या घरी उपयोगी पडायचे नाहीत. त्यापेक्षा ज्यांना अडचण वाटेल त्यांनी दुपारी चारनंतर माझ्या घरी यावे. संच दाखवीन, चहा देईन. आणि सासूबाई घरात असतील, त्याही आपले मत सांगतील. हल्ली आमच्याकडे त्यांचेच मत शेवटचे असते.